कालकथित धोंडाबाई

टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती. त्याच्या कागदावर जे नाव होतं ते त्याने विचारलं, आणि ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या म्हातारीने "मीच ती" म्हणून सांगितलं. आता पुढ्यात बसलेल्या माणसाला, तुम्ही जिवंत आहात ना, असं कोण विचारतं?

"पाण्याचा कूलर हाय," तो म्हणाला. "विहारासाठी. पण पत्ता तुमच्या घरचा दिलाय. इथं सही करा."

धोंडाबाईने अंगठा केला. टेम्पोवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने पुरुषभर उंचीचं ते स्टीलचं धूड ओट्यावर भिंतीला लावून उभं केलं, खोका फाडला, प्लास्टिक सोलून काढलं. खाली दोन नळ आणि नळांच्या वर पितळेची पाटी. आटगाव स्टेशनाच्या पलीकडच्या या बौद्धवाडीत मार्च लागला की नळाला दिवसाआड पाणी येतं. तेव्हा थंड पाण्याचं यंत्र बघायला अर्धी आळी गोळा झाली यात नवल नाही.

"काय लिवलंय रं त्याच्यावर?" धोंडाबाईने विचारलं.

टेम्पोवाला बिचारा वाचता येत होतं म्हणून वाचायला गेला. "कालकथित धोंडाबाई बुधाजी साळवे यांच्या स्मरणार्थ. नात रश्मी हिची नॉर्वे येथील मैत्रीण इंगर यांजकडून सप्रेम भेट." 'बुधाजी'पाशीच त्याचा आवाज उतरला होता. हातातल्या कागदावर तिच्या अंगठ्याची शाई अजून ओली होती.

कालकथित म्हणजे काय, हे धोंडाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विहारातल्या पहिल्या पंख्याच्या पात्यावर तोच शब्द तिच्या नवऱ्याच्या नावामागे रंगवलेला आहे. पंखा, कपाट, सतरंजी, घड्याळ, विहाराला काहीही द्यायचं ते गेलेल्या माणसाच्या नावाने द्यायचं, ही वाडीची पद्धत. बुधाजीचा पंखा दिला तेव्हा ती स्वतः पुढे बसली होती.

आळीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"चा घेऊन जा रं बाबांनो," ती टेम्पोवाल्याला म्हणाली, आणि शेंगांची परात तशीच ओट्यावर टाकून आत गेली.

महेंद्र वाशिंदच्या कंपनीतून पहिली पाळी करून घरी आला तेव्हा संघरत्नाने, त्याच्या बायकोने, पाटीवर ओला टॉवेल वाळत घातला होता. सगळ्या आळीने वाचून झाल्यावर टॉवेल घालण्यात काय अर्थ होता ते तिचं तिला माहीत. महेंद्रने टॉवेल उचलला, वाचलं, पुन्हा होता तसा ठेवला. चपला न काढताच तो घरात शिरला.

"हे कोणी केलं?"

रश्मी भिंतीला टेकून उभी होती. कल्याणला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी कालच घरी आली होती ती उद्याच्या पाहुणीसाठी. इंगरबाई सातवीपासूनची तिची स्पॉन्सर. संस्थेमार्फत वह्या, गणवेश, फी सगळं तिच्याकडून आलं. अठराव्या वर्षी ते संपलं तरी दोघींची पत्रं चालू राहिली. आता एकाहत्तराव्या वर्षी ती बाई पहिल्यांदा भारतात आली होती आणि उद्या दहा वाजता दारात यायची होती.

"मी केलं," रश्मी म्हणाली. "कूलरचं मला माहीत नव्हतं. पण आजी वारली असं मीच लिहिलेलं."

"कधी?"

"आठवीत. चार महिने पत्र दिलं नव्हतं. संस्थेची मॅडम शाळेत आली आणि सगळ्या वर्गासमोर बोलली, ती बाई तिकडे वाट बघते, तुला दोन ओळी लिहायला काय होतं. मला कारण पाहिजे होतं. शाळेत सुट्टीच्या अर्जात आमी तेच लिहायचो."

"सुट्टीच्या अर्जात," महेंद्र म्हणाला.

"मग तिचं चार पानी पत्र आलं. त्याच महिन्यात तिची आई गेली होती, पप्पा. त्याच्या आधी ती नुसतं बर्फ किती पडला ते लिहायची. त्या पत्रापासून ती माझ्याशी बोलायला लागली. आता कसं सांगणार? वाटलं, पुढच्या पत्रात सांगू. मग वाटलं, त्याच्या पुढच्या."

"आणि आठ वर्षं काय काय लिहिलंस?"

"असंच. आजीबद्दल."

याच्या पलीकडे ती काही सांगेना. मान खाली घालून फरशीकडे बघत राहिली.

संघरत्ना चहाचं भांडं घेऊन आली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अठरापर्यंत दर पत्राखाली पालकाची सही लागायची. ती कोणाची हाय?"

सही महेंद्रची होती. हा माणूस पेपर शेवटच्या पानावरच्या जाहिरातींसकट वाचतो. वाडीत कुणाची लग्नपत्रिका छापायची असेल तर आधी याच्याकडून तपासून घेतात. आणि पोरीचं पत्र त्याने मोटरसायकलच्या सीटवर ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून, सही करून दिलं होतं. एकदा नाही, दर वेळी. आपल्या आईच्या मरणावर आपणच सही केली, हे त्याला आत्ता कळलं आणि कान तापले. चांगलं वागायची कुवत नसली की माणूस आवाज चढवतो, तसं त्याने केलं.

"तू दिवसभर घरात असतेस. तुला दिसलं नाय पोरगी काय लिहिते?"

"दिसलं असतं तर मी सही केली नसती," संघरत्ना म्हणाली, आणि कप त्याच्यासमोर ठेवला.

आतल्या खोलीतून धोंडाबाईची हालचाल ऐकू येत होती. ती काहीतरी घड्या घालत होती. तिला जाऊन काही बोलावं असं तिघांनाही वाटत होतं, आणि तिघेही होते तिथेच राहिले.

प्रशांत आला तो ओट्यावरूनच बोलत आला. महेंद्रचा हा धाकटा भाऊ वाशिंदला फ्लॅटमध्ये राहतो, पण विहार समितीचा सचिव असल्यामुळे वाडीवर त्याचा अर्धा जीव. अध्यक्षांचा फोन गेल्यावर तो कामावरून तसाच निघाला होता.

"दादा, मी वर्गणीला घरोघर फिरतो. उद्या मला कोणी विचारलं, सचिव, तुमची आई कधी वारली, जलदानविधीला आमाला का नाय बोलावलंत, तर मी काय सांगू?"

"तू सांग, आई घरात हाय," संघरत्ना म्हणाली.

"तेच म्हणतोय, वहिनी. संस्थेच्या त्या नेहा मॅडमला आत्ता फोन लावा. खरं सांगून मोकळे व्हा."

महेंद्रने मान वर केली. घराच्या वाटणीपासून या दोघांचं, म्हणजे दिराचं आणि भावजयीचं, कधी एका गोष्टीवर जमलं नव्हतं. आज जमलं, आणि ते नेमकं त्याच्या पोरीच्या विरुद्ध.

"फोनवर?" तो म्हणाला. "ती बाई एवढ्या लांबून आली. आज फोनवर कळवायचं, की तुमी ज्या पोरीला लेकीसारखं समजता ती आठ वर्षं खोटं बोलते? पोरीनं तोंड कसं दाखवायचं?"

"मंग तोंड कोणाचं ठेवाचं? पोरीचं का आईचं?"

प्रशांत हे बोलला तेव्हा मनापासून बोलला. पण बोलता बोलता त्याला उद्याचा विहारातला कार्यक्रम आठवला. बाई विहाराला काही वस्तू देणार एवढं संस्थेने समितीला कळवलं होतं. मंडप ठरला होता, बॅनर छापून आला होता, शेजारच्या चार वाड्यांच्या समित्यांना त्याने स्वतः निमंत्रणं दिली होती, परदेशी पाहुण्यांच्या हस्ते म्हणून. खरं सांगितलं तर बाई येईल का? आलीच तर चार वाड्यांसमोर काय बोलेल? आणि पुढची दहा वर्षं साळव्यांच्या नावाने लोक काय काय बोलतील? त्याचं त्यालाच वाईट वाटलं, की आईचा विचार सोडून आपण बॅनरपाशी पोचलो. तरी तो तिथेच थांबला.

"म्हणजे तसं बघितलं तर," तो खुर्चीवर बसत म्हणाला, "एक दिवसाचाच प्रश्न हाय. दहा ते चार."

संघरत्नाने त्याच्याकडे नीट बघितलं. "काय म्हणायचंय तुमाला?"

"आळीला मी समजावतो. कोण काय बोलणार नाय. आईला तेवढं एक दिवस..." पुढचं त्याने दादाकडे बघून सोडून दिलं.

"भागीकडे," महेंद्र म्हणाला. भागी त्यांची बहीण, टोकावड्याला दिलेली. "सकाळी गाडी करून सोडायचं. संध्याकाळी आणायचं."

झालं. ज्या दोन भावांचं वर्षभर सरळ बोलणं नव्हतं त्यांचं दोन मिनिटांत एकमत झालं, आणि ते कशावर, तर आईला मेलेली ठेवायची यावर. संघरत्ना एकटी पडली. सासूशी तिचं फार गोडीचं होतं असंही नाही. चुलीवरून, पाण्यावरून, रश्मीच्या शिक्षणावरून दोघींचं कितीतरी वेळा वाजलं होतं. पण भांडायलासुद्धा माणूस जिवंत धरावं लागतं.

"रश्मे, तू बोल," ती म्हणाली. "लिहिताना तुझंच डोकं होतं ना?"

रश्मी काही बोलायच्या आत धोंडाबाई आतून आली. हातात कापडी पिशवी, घडीची पातळं, औषधाची डबी.

"कशापायी वाद घालता? मला भागीकडं जायाचंच हाय. रश्मीनंच सांगितलंय ना आठ दिसांपूर्वी फोनवर. आजी, चार दिस आत्याकडं जा, तुला बदल होईल."

तिने हे आळीत दहा घरी सांगितलं होतं. कॉलेजात शिकणाऱ्या नातीला आपली आठवण झाली, आपल्याला बदल हवा हे तिच्या लक्षात आलं, याचं तिला फार कौतुक वाटलं होतं. नात इतकी मायेने का बोलली ते आता घरातल्या प्रत्येकाला कळलं. म्हातारीलाही कळलंच असणार. ती फक्त नातीचं नाव घेऊन भिंतीकडे बघत उभी राहिली. रश्मीला वाटलं, आजीने आपल्या कानाखाली मारावी, निदान शिवी तरी द्यावी. म्हातारी म्हणाली, "शेंगा सोलायच्या ऱ्हायल्यात. घे गो त्या."

सकाळी आठला प्रशांत रिक्षा घेऊन आला. धोंडाबाईने आंघोळ केली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर हात जोडले, पिशवी उचलली. ओट्यावर कूलर उभाच होता. टॉवेल रात्रीच्या वाऱ्याने खाली पडला होता आणि तो उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हातारी कूलरला वळसा घालून पायऱ्या उतरली.

आळीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. प्रशांतने समजावल्यामुळे त्या काही बोलत नव्हत्या, आणि ते न बोलणंच वाईट होतं. एरवी धोंडाबाई कुठे निघाली की पाच जणी विचारायच्या, कुठं निघाल्या, कधी येणार.

ती रिक्षात बसली. महेंद्रने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "संध्याकाळी येतोच न्यायला."

"येशील रं. पण एक सांग. ती बाई परत पुढच्या वर्षी आली, तर? तिचं पत्र येतच राहणार. मी किती दिस मेलेली ऱ्हाऊ?"

ती चिडून बोलली नाही. रेशनच्या दुकानात धान्य कधी येणार असं विचारावं तशी तिने चौकशी केली. महेंद्रने पिशवी पुन्हा नीट ठेवली. प्रशांत रिक्षावाल्याशी उगाच रस्त्याचं काहीतरी बोलू लागला.

रश्मी ओट्यावरून सगळं ऐकत होती. रात्रभर तिने स्वतःला सांगितलं होतं की एकच दिवस आहे. पण आजीने विचारलं ते खरंच होतं. याला शेवट नव्हता. उद्या आजी खरोखर गेली तर ते इंगरला कळवताही येणार नव्हतं, कारण ती आधीच गेलेली. आपल्या आजीसाठी आपण रडायची जागाही ठेवली नाही, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. ती धावत खाली आली आणि पिशवी ओढून घेतली.

"उतर, आजी."

"रश्मे, दहाला ती येतेय," महेंद्र म्हणाला.

"येऊ दे, पप्पा. मी सांगते. कार्यक्रमाच्या आधी सांगते, घरात. तुमी कोणी काय बोलू नका." मग काकाकडे वळून म्हणाली, "काका, बॅनरचं काय ते नंतर बघू."

प्रशांतने रिक्षावाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. दारात उभ्या असलेल्या संघरत्नाने सासूचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. कित्येक वर्षांत असा हात तिने धरला नव्हता, आणि सासूनेही तो सोडवून घेतला नाही.

इंगर उंच होती, पांढरे केस कापलेले, अंगात खादीचा कुडता. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने रश्मीला मिठी मारली आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून बघत राहिली. नेहा मॅडम मागून फुलं आणि एक जाड मेणबत्ती घेऊन आल्या. घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "आजींचा फोटो कुठे लावलाय? मॅडमना आधी तिथे मेणबत्ती लावायची आहे."

आजी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती.

रश्मीने इंग्रजीत सांगितलं. तिला वाटलं होतं बरंच बोलावं लागेल. चारच वाक्यं लागली. ही माझी आजी आहे. ती वारली नव्हती. मी खोटं लिहिलं. आठ वर्षं मी खोटंच लिहीत राहिले.

इंगरला पहिल्यांदा समजलंच नाही. तिने नेहाकडे बघितलं, नेहाने तेच हळू आवाजात पुन्हा सांगितलं, आणि सांगताना तीही लाल झाली. इंगर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. कुणी पाणी आणलं ते तिने हातात नुसतं धरून ठेवलं. महेंद्र दाराशी उभा होता. त्याला वाटलं, सह्यांचं आपण बोलायला हवं. तो बोलला नाही.

मग इंगर बोलू लागली. नेहा थांबून थांबून मराठीत सांगत होती.

"त्या म्हणतात, माझ्या आईच्या फोटोशेजारी मी दर वर्षी दोन मेणबत्त्या लावते. एक आईची, एक तुमची." नेहाने धोंडाबाईकडे बघितलं. "त्या आजींना एक विचारू का म्हणतात."

"विचारा की," धोंडाबाई म्हणाली.

इंगर खुर्ची ओढून उंबऱ्याजवळ आली. आता तिचं बोलणं सरळ म्हातारीशी होतं, जशी काही नेहा मध्ये नव्हतीच.

"रश्मीने मला लिहिलं होतं," नेहा सांगू लागली, "की आजी होती तेव्हा रोज संध्याकाळी मी तिचे पाय दाबून द्यायचे. ती दिवसभर शेतावर राबून यायची, आणि पाय दाबताना मला तिच्या लहानपणचं सांगायची. ते पत्र मी कितीदा वाचलं असेल. माझी आई शेवटची तीन वर्षं वृद्धाश्रमात होती. मी रविवारी जायचे, खुर्चीवर बसायचे, निघून यायचे. मी तिच्या पायाला कधी हात लावला नाही. या मुलीने तेराव्या वर्षी केलं ते मी कधी केलं नाही, हे मी आठ वर्षं मनात धरून आहे. तेही खोटं होतं का?"

रश्मीने डोळे मिटून घेतले. पत्र लिहिताना ते वाक्य तिला सुंदर वाटलं होतं. आजीच्या पायाला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. शाळेतून येताना आजी वाटेत भेटली तर ती मैत्रिणींच्या मागे लपायची, आजीच्या डोक्यावर लाकडांची मोळी असायची म्हणून. हे आजीलाही ठाऊक होतं.

रश्मीने तोंड उघडलं. आता हेही सांगायचं होतं. पण तिच्या आधी म्हातारी बोलली.

धोंडाबाई खोटं बोलत नाही. वाडीत भांडण झालं की साक्षीला तिला बोलावतात, आणि पोटच्या पोराच्या विरुद्धही ती खरंच बोललेली आहे. तिने एकदा नातीकडे बघितलं, एकदा त्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे.

"ते खरं हाय," ती म्हणाली. "पाय दाबते माझं. रोज दाबायची, आता कल्याणहून आली का दाबते. हलका हात हाय पोरीचा."

नेहाने सांगितलं. इंगरने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. तिच्या गालावरून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. धोंडाबाईने पातळ जरा वर सरकवलं आणि दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर लांब केले. भेगा पडलेले, नखं काळी झालेले पाय, सगळ्यांसमोर.

"ये गो, रश्मे."

महेंद्रने तोंड दाराकडे फिरवलं. संघरत्ना जागची हलली नाही. रश्मी येऊन आजीच्या पायाशी बसली. तिने पाय हातात घेतले, आणि नर्सिंगला शिकणाऱ्या त्या मुलीला कुठे धरावं ते समजेना. तिची बोटं तळव्यावर नुसती ठेवल्यासारखी राहिली. इंगर समोर बसून बघत होती.

म्हातारी थोडी पुढे वाकली, नातीचे केस सावरल्यासारखं केलं, आणि तिच्यापुरतंच म्हणाली, "घोट्यापासून वर जा. आन् रडू नको, ती बघते."